‘द टॉवर’ आणि पुनर्विकासाची सही

वाचकाचा प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या भगिनीचे हे पत्र आहे. लग्न होऊन ज्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या आल्या, तिथेच त्यांचा सगळा संसार झाला. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. घरात त्या, बँकेतून निवृत्त झालेले यजमान आणि 82 वर्षांच्या सासूबाई असे तिघे आहेत. 1978 साली बांधलेली, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली ही इमारत आता पुनर्विकासाला जाणार असून तिच्या जागी 18 मजल्यांचा टॉवर उभा राहायचा आहे. 24 सभासदांपैकी 21 जणांनी विकासकाला संमती दिली आहे. पुढच्या महिन्यातल्या विशेष सर्वसाधारण सभेत करारनाम्याचा मसुदा मंजुरीला येईल, आणि घर दोघांच्या नावावर असल्याने सहीही दोघांची लागेल. यजमान तयार आहेत.

याच सुमारास नणंदेच्या आग्रहावरून या भगिनी घोडबंदर रोडवरच्या एका टॅरो रीडर, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या, बाईंकडे गेल्या. तीन कार्डे काढली गेली: भूतकाळासाठी ‘टेन ऑफ पेंटॅकल्स’, वर्तमानासाठी ‘टू ऑफ स्वोर्ड्स’ आणि भविष्यासाठी ‘द टॉवर’. हे वास्तू कोसळण्याचे कार्ड आहे, त्यावर मंगळाचा अंमल आहे, दिवाळीपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका आणि 11,000 रुपयांचा एक उपाय करून घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हापासून त्यांना धड झोप लागत नाही. यजमानांना त्यांनी यातले काहीच सांगितलेले नाही. सहीचा विषय निघाला की त्या उठून आत जातात आणि घरात धुसफुस सुरू झाली आहे. त्या लिहितात: ‘माझे माहेर रत्नागिरीकडचे. देवाला कौल लावून निर्णय घेतलेले मी लहानपणी पाहिले आहेत, पण टॅरोवर माझा पूर्ण विश्वास आहे असेही नाही. तरीही आमच्याकडे टॉवर होणार आणि नेमके टॉवरचेच कार्ड यावे, याला निव्वळ योगायोग कसे म्हणू? मी सही करू की नको?’

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत असे मिसळले आहेत की तुम्हालाही ते वेगळे दिसत नसावेत. कार्डाचा अर्थ काय, हा एक. आणि सही करावी की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे आपोआप मिळेल, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही, पण म्हणून पहिला प्रश्न मी झटकून टाकणार नाही. ‘असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका’ एवढे लिहून हे उत्तर संपवता आले असते; तसे सांगणारी माणसे तुमच्या घरात आणि जिन्यात भरपूर असणार, आणि ती हसतील म्हणूनच तुम्ही हे कोणाजवळ बोलला नसाल. शिवाय ज्या चित्राने झोप उडवली आहे, ते चित्र नीट पाहिल्याखेरीज त्याची भीती जाण्याची शक्यता कमी.

तेव्हा आधी चित्र पाहू. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते कार्ड आज सर्वांच्या सर्वाधिक परिचयाच्या संचातले आहे. डिसेंबर 1909 मध्ये लंडनच्या रायडर या प्रकाशकांनी तो संच काढला. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची होती आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. (काम मोठे आणि पैसे अगदीच थोडे, असे तिने एका पत्रात लिहून ठेवले आहे. संच मात्र पुढे कित्येक वर्षे प्रकाशक आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला.) काळ्याकुट्ट आकाशात, एका कड्याच्या टोकावर करड्या दगडांचा निरुंद मनोरा उभा आहे. वरून वीज येऊन त्याच्या माथ्यावर आदळते आणि तिथे बसवलेला सोनेरी मुकुट उडून कलंडतो. तीन खिडक्यांतून ज्वाळा बाहेर येत आहेत, दोन माणसे डोके खाली करून कोसळत आहेत, त्यांतल्या एकाच्या डोक्यावरही मुकुट आहे, आणि दोन्ही बाजूंना अंधारात ज्योतीच्या आकाराचे एकूण 22 ठिपके तरंगत आहेत. चित्र भयंकर आहे यात शंका नाही. रात्री अकरा वाजता आठवावे असे ते नव्हेच.

या चित्राची किल्ली मला विजेपेक्षा मुकुटात दिसते. इमारतीच्या डोक्यावर मुकुट घालण्याची रीत कुठेही नाही, म्हणजे तो मुद्दाम घातलेला आहे. दार कुठे दिसत नाही, पायाखाली मोकळी जमीन नाही, वर तीन खिडक्या तेवढ्या आहेत. स्वतःच्या उंचीवर भाळलेला, कोणाला आत न घेणारा आणि बाहेरचे काही ऐकून न घेणारा असा एक भरवसा या मनोऱ्याच्या रूपाने उभा केला आहे, आणि वीज पडते ती त्या भरवशावर. स्वतः वेट यांनी या कार्डाचा संबंध ध्यानीमनी नसलेल्या अरिष्टाशी आणि अप्रतिष्ठेशी जोडला होता. तुमच्या रीडर बाईंनी ते काही पदरचे सांगितलेले नाही, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. मात्र त्याच वेट यांनी आपल्या विवेचनात असेही म्हटले आहे की इथे जे पडते ते असत्याचे घर आहे. म्हणून जाणकार टॅरो रीडर या कार्डाचा अर्थ झाकलेले एकदम उघडे पडणे, असा लावतात. वर्षानुवर्षे जपलेला गैरसमज एका संभाषणात फुटतो, हिशेबातली खोट तपासणीत सापडते, ज्याच्यावर डोळे मिटून विसंबलो तो तसा नव्हता हे कळते. अशा प्रसंगांचे हे कार्ड आहे. त्याच्या आधीचे, म्हणजे 15 क्रमांकाचे ‘द डेव्हिल’ पाहिले तर त्यात दोन माणसे गळ्यातल्या सैल साखळ्यांनी बांधलेली दिसतात. 16 क्रमांकाच्या या कार्डात दोन माणसे बाहेर फेकली जातात. आणि 17 क्रमांकाच्या ‘द स्टार’मध्ये एक स्त्री उघड्या आकाशाखाली, पाण्याच्या काठी बसून दोन घड्यांतून पाणी ओतते आहे. हा क्रम ध्यानात घेऊन वाचणारे ‘द टॉवर’ला सुटकेचेही कार्ड मानतात. तीन कार्डांच्या वाचनात एकच कार्ड सुटे हाती येते आणि हा क्रम दिसत नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा आहे.

आता हा अर्थ तुमच्या बाबतीत लावायचाच झाला, तर तो कोणत्या वास्तूला लावायचा? ज्या 18 मजली टॉवरची अजून एक वीटही रचलेली नाही, त्याला? की ज्या इमारतीला जवळपास पन्नास वर्षे होत आली, तिला? की ‘आमच्या घरात सगळे उघडपणे बोलले जाते’ या समजाला, जो तुम्ही गेले काही आठवडे उठून आत जाऊन मोडीत काढता आहात? यांपैकी कशाकडेही बोट दाखवण्याची सोय त्या पुठ्ठ्यावर नाही. ते बोट रीडर बाईंनी दाखवले आणि तुम्ही ते मान्य केलेत. तुमच्या माहेरच्या कौलाची तुम्हीच आठवण काढली आहे म्हणून सांगतो: कौल लावताना प्रश्न आधी नेमक्या शब्दांत मांडावा लागतो आणि मगच उजवा की डावा ते पाहिले जाते. तिथे निदान कशाचे उत्तर मिळाले हे तरी स्पष्ट असते. तुमच्या पत्रावरून असे दिसते की त्या बाईंना तुम्ही विचारले होते, ‘आमच्या बिल्डिंगचे कसे होईल?’ एवढ्या सैल प्रश्नाला आलेले चित्र कुठेही चिकटू शकते, आणि मन ते जिथे सगळ्यांत जास्त दुखते तिथेच नेऊन चिकटवते.

योगायोगाबद्दल तुम्ही विचारले आहे, त्याचे उत्तर थोडे इतिहासात आहे आणि थोडे गणितात.

टॅरोची पाने पंधराव्या शतकात, 1440 च्या सुमारास, उत्तर इटलीत दिसू लागतात आणि ती पत्ते खेळण्यासाठी केलेली असतात. चार रंगांची 56 पाने आणि वर हुकमाची 22 पाने, असा तो डाव असे. अधिक क्रमांकाचे हुकमाचे पान कमी क्रमांकाच्या पानाला मारत असे. म्हणजे ज्या सोळाव्या पानाने तुमच्या पोटात गोळा आला, ते हातात आले की त्या काळचा खेळणारा मनातून खूश होत असे. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा या सरदार घराण्यांसाठी रंगवलेल्या एका प्रसिद्ध संचातली 74 पाने आज शिल्लक आहेत आणि जी चार हरवली आहेत, त्यांत हे पान आहे. ते त्या संचात कसे रंगवले होते, होते की नव्हतेच, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्याहून मौजेची गोष्ट सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाक व्हिएव्हिल या पत्ते करणाऱ्याने काढलेल्या संचात आहे. त्याच्या सोळाव्या पानावर मनोरा मुळी नाहीच; तिथे एक झाड आहे, एक माणूस आहे, त्याची गुरे आहेत आणि वरून आकाशातून काहीतरी बरसते आहे. रीडर बाईंकडे तो संच असता तर तुम्ही घरी येताना आवारातल्या झाडाकडे पाहत आला असता, आणि पुनर्विकासाच्या सहीचा संबंध बहुधा मनात आलाच नसता. या पानांचा भविष्याशी संबंध जोडला गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1781 मध्ये आंत्वान कूर द जेबलँ यांनी ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान आहे असे लिहिले, तेही इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचता येत नव्हती अशा काळात. आणि पाठोपाठ एतेला या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका गृहस्थाने टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापली. तोवर ही पाने तीनशे वर्षांहून अधिक काळ पत्त्यांच्या डावातच वावरत होती.

मंगळाचेही तसेच. 1888 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ नावाच्या गूढविद्या मंडळाने एकेका हुकमाच्या पानाला एकेक ग्रह, रास किंवा तत्त्व जोडून दिले, त्यात या पानाच्या वाट्याला मंगळ आला. वेट आणि स्मिथ दोघेही त्या मंडळात होते. या मंगळाचा तुमच्या पत्रिकेतल्या मंगळाशी, लग्नाच्या वेळी पाहिल्या जाणाऱ्या मंगळाशी, काहीएक संबंध नाही. त्या दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि त्यांना एकत्र बांधले की मराठी घरात भीती दुप्पट होते, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. हे मी थोड्या रागाने लिहितो आहे, ते राहू द्या.

गणित सोपे आहे. 78 पानांतून तीन काढली तर ‘द टॉवर’ त्यांत असण्याची शक्यता 26 मध्ये 1 आहे. ही दुर्मीळ घटना नव्हे. दिवसाला पाच-सहा जणांसमोर तीन-तीन पाने मांडणाऱ्या रीडरला हे पान साधारण आठवड्यातून एकदा दिसणारच. दहा पानांची मांडणी केली तर ही शक्यता आठांत एकाच्या आसपास जाते. आणि ‘द टॉवर’, ‘डेथ’, ‘द डेव्हिल’, ‘टेन ऑफ स्वोर्ड्स’, ‘थ्री ऑफ स्वोर्ड्स’ ही पाच पाने भीतिदायक धरली, तर दहा पानांच्या मांडणीत त्यांपैकी एक तरी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त भरते. म्हणजे उपाय सुचवायला निमित्त मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. आणखी एक पाहा: ज्या दिवशी तुम्ही तिथे गेलात, त्या दिवशी ठाणे शहरात पुनर्विकासाच्या चिंतेत असलेली किती घरे असतील? राम मारुती रोडवरून चालत गेलात तरी हिरव्या जाळ्या आणि पत्रे लावलेल्या इमारती मोजता येतात. या प्रश्नाने गांजलेल्या कोणाला ना कोणाला हे पान येणारच होते. ते तुम्हाला आले.

आता एका प्रश्नाचे उत्तर तुम्ही मला नको, स्वतःला द्या. भविष्याच्या जागी ‘द टॉवर’ऐवजी ‘द सन’ आले असते, पांढऱ्या घोड्यावर बसलेले ते हसरे मूल आणि मागे सूर्यफुले, तर तुम्ही मसुदा न वाचता सही केली असती का? बहुतेक केली असती, आणि त्या रात्री छान झोपही लागली असती. मला ती शक्यता आजच्या तुमच्या जागरणापेक्षा जास्त काळजीची वाटते. रखडलेल्या पुनर्विकासांची भूमिपूजने काही वाईट मुहूर्तांवर झालेली नव्हती. वाईट कार्ड पाहून सही नाकारणे आणि चांगले कार्ड पाहून सही करणे, या दोन्हींत मसुदा सारखाच न वाचलेला राहतो.

मांडणीतल्या ज्या कार्डावरून रीडर बाई पटकन पुढे गेल्या असे तुम्ही लिहिता, ते ‘टू ऑफ स्वोर्ड्स’ मला जास्त बोलके वाटले. त्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक स्त्री छातीवर दोन तलवारी आडव्या धरून बसली आहे, मागे समुद्र आहे आणि वर चंद्रकोर आहे. ठरवायचे आहे आणि पाहायचे नाही, अशी ती अवस्था. तुम्ही तुमच्या पत्रात विकासकाचे नाव, त्याने आधी काय बांधले, करारात भाडे किती, नवे घर किती चौरस फुटांचे, यांपैकी एकही गोष्ट लिहिलेली नाही. कार्डांची नावे आणि क्रम मात्र अचूक लिहिला आहे. यात तुमचा दोष काढत नाही. ज्या घरांत कागदपत्रे ‘हे’ बघतात, तिथल्या बायकांच्या हाती प्रश्न विचारण्याची दुसरी जागाच राहत नाही, आणि मग तो प्रश्न कुणाच्या तरी टेबलावर तीन पानांच्या रूपात विचारला जातो.

तुमचे दुसरे गृहीत असे दिसते की सही केली नाही तर निदान काही बिघडणार तरी नाही. हे तपासून घ्या. पावसाळ्यात जिन्याच्या छताचे प्लॅस्टर पडते असे तुम्हीच ओझरते लिहिले आहे. सोसायटीने संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घेतले असेल तर तो अहवाल मागून वाचा. महापालिका धोकादायक इमारतींची वर्गवारी करते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. सी-2 अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी. सी-2 ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी. आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तुमची इमारत यांत कुठे बसते, यावर ‘थांबू या’ हा पर्याय किती सुरक्षित आहे ते ठरेल. कायद्याची बाजूही अशी आहे की शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांच्या संमतीने पुनर्विकासाचा निर्णय होऊ शकतो, आणि रीतसर झालेला बहुमताचा निर्णय मोजक्या सभासदांनी अडवून धरू नये, अशीच भूमिका न्यायालयांनी वेळोवेळी घेतली आहे. 24 मध्ये 21 हे बहुमत मोठे आहे. तुमची सही थांबल्याने प्रकल्प बहुधा थांबणार नाही. मसुद्यात बदल सुचवण्याची जी संधी आज आहे, ती मात्र दिवाळीपर्यंत निघून जाईल.

म्हणजे सही करून टाका, असे मी म्हणतो आहे का? नाही. मसुदा न पाहता तेही म्हणता येणार नाही. एक काम करा. त्या चित्रातल्या तीन खिडक्या आठवा आणि एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात अशा भीती लिहा ज्यांचे उत्तर एखाद्या कागदात आहे: बांधकाम मध्येच थांबले तर, भाडे बंद झाले तर, घर कबूल केल्यापेक्षा लहान निघाले तर. दुसऱ्यात अशा, ज्यांचे उत्तर माणसांशी बोलून मिळेल: तात्पुरते घर कुठे घ्यायचे, सासूबाईंना ते मानवेल का, मुलाचे मत काय. तिसऱ्यात त्या, ज्यांना कुठेच उत्तर नाही: ज्या घरात आयुष्य गेले ते पाडलेले बघवेल का, आणि सासूबाई नव्या घरापर्यंत पोचतील का. माझा अंदाज असा आहे की कार्ड पाहून तुम्ही घाबरलात ते या तिसऱ्या रकान्यामुळे; आणि त्यावर 11,000 रुपयांच्या उपायाचा काही परिणाम होण्यासारखा नाही. त्याचे दुःख करायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे, त्यासाठी प्रकल्प वाईट ठरवण्याची गरज नाही.

पहिल्या रकान्यासाठी मसुद्यात पुढील गोष्टी शोधा. नव्या घराचे क्षेत्रफळ ‘रेरा’ या घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) लिहिले आहे का. मजला आणि पार्किंग नावानिशी नमूद आहे का. भाडे दर वर्षी किती वाढते आणि काम लांबले तर ताबा मिळेपर्यंत चालू राहते का. बँक हमी किती रकमेची आहे आणि ती कोणत्या टप्प्यापर्यंत अडकलेली राहते. विलंब झाला तर दंड काय आणि करार रद्द करण्याचा अधिकार सोसायटीला कोणत्या परिस्थितीत आहे. कॉर्पस निधी, म्हणजे विकासक देणार असलेली एकरकमी रक्कम, कधी मिळणार. आणि प्रत्येक सभासदाशी कायम पर्यायी जागेचा स्वतंत्र करारनामा नोंदणीकृत होणार आहे की नाही. घर रिकामे करण्याआधी तो नोंदवला जावा, असा आग्रह धरा. विकासकाचे आधीचे प्रकल्प महारेराच्या, म्हणजे त्याच कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पाहता येतात. पूर्ण करण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली गेली, हे तिथे दिसते. त्याहून चांगले म्हणजे त्याने पूर्ण केलेल्या एखाद्या पुनर्विकसित इमारतीत जाऊन तिथल्या जुन्या रहिवाशांना, शक्यतो तुमच्याच वयाच्या एखाद्या बाईंना, गाठून विचारा. सोसायटीच्या वकिलांनी मसुदा पाहिला आहे हे सचिवांचे म्हणणे खरे असेल, पण ते वकील सोसायटीचे आहेत. स्वतःच्या वकिलाला एकदा वाचायला द्या. उपायासाठी मागितलेली रक्कम या कामी आली तर ती सत्कारणी लागेल.

कार्डांवरून मोठे निर्णय अडून राहिलेली पत्रे बरीच येतात, म्हणून त्या वाचकांसाठीही थोडे लिहितो. शस्त्रक्रियेच्या आधी ‘डेथ’ आले, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ‘द डेव्हिल’ आले, नोकरी सोडताना ‘द हँग्ड मॅन’ आले, अशी ती असतात. टॅरोचा उपयोग स्वतःच्या मनात काय चालले आहे हे पाहण्यासाठी करणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. एखादे चित्र समोर आल्यावर आपण पहिल्यांदा काय म्हणालो, ही माहिती खरीच असते. पण वाचनाबरोबर मुदत आणि मुदतीबरोबर रक्कम सांगितली गेली, की तिथून उठावे. चांगला रीडर ‘या चित्रात तुम्हाला काय दिसते’ असे आधी विचारतो. आणि पान आवडले नाही म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या रीडरकडे जाऊन मनाजोगते पान येईपर्यंत पैसे देत राहू नये; ते कधीतरी येणारच आणि तेवढ्याने काही बदलणार नाही.

यजमानांशी मात्र या आठवड्यातच बोला. कार्डापासून सुरुवात करू नका, नाहीतर सगळे बोलणे ‘तू तिकडे गेलीसच का’ इथे अडकेल. रकान्यांचा कागद पुढे ठेवा आणि म्हणा, मला सही करायची आहे की नाही हे ठरवण्याआधी एवढे समजून घ्यायचे आहे. कार्डाचे मग सांगा, पण सांगा जरूर; तुमच्या गप्पपणाचा त्यांनी काय अर्थ लावला असेल कोण जाणे. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला बँक हमीचे कलम समजावून सांगायला आवडेलच. नणंदबाईंना दुखवण्याचे कारण नाही. ‘तुमच्यामुळे निदान मला मसुदा वाचायची बुद्धी झाली’ असे सांगितलेत तर ते खोटेही ठरणार नाही. सासूबाईंना तात्पुरत्या घरात लिफ्ट लागेल आणि त्यांचे डॉक्टर जवळ हवेत. पाचपाखाडी किंवा विष्णूनगरच्या आसपास अशी जागा पाहायला आतापासूनच लागा, कारण तुमच्या सोसायटीतली 24 घरे एकाच वेळी भाड्याच्या घरांच्या शोधात निघणार आहेत आणि त्या भागातली भाडी तेवढ्यानेही वर जातात.

आणि सभेची वाट न पाहता मसुद्याची, व्यवहार्यता अहवालाची आणि स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत सचिवांकडे लेखी मागा. अर्ज दोघांच्या सहीने द्या, आणि ‘देतो की’ असे तोंडी उत्तर मिळाले तरी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेऊन ठेवा.